धान्य आहे, पण धार कोण काढणार? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की जे शेतावर राहतात आणि बरंचसं घरचंच खातात-वापरतात, त्यांना साथीच्या काळाबद्दल काही विचारायचंय का. पत्रं भरपूर आली, त्यातली पाच इथे घेतलीयेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. विहीर आहे, दोन गाई, कोंबड्या, भाजीपाला, वर्षभर पुरेल एवढं धान्य आणि कडधान्य, दिवे सोलरवर. २०२० मध्ये सगळे म्हणायचे तुमचं बरंय बाई. परत असं काही आलं तर गेट लावून घेऊ आणि सहा महिने आरामात काढू असं आमचं गणित आहे. काही राहतंय का?

ताई, धान्याचं गणित बरोबर आहे तुमचं, पण माणसांचं राहिलंय. पत्रात काय काय साठवलंय ते सगळं आहे, पण तुम्ही आणि तुमचे मिस्टर एकाच आठवड्यात तापाने झोपलात तर धार कोण काढणार ते नाहीये, आणि साथीत नेमकं हेच होतं कारण एका घरात राहणारी माणसं एकमेकांकडूनच आजारी पडतात, दोन-चार दिवसांच्या अंतराने सगळी आडवी. पगारावर चालणारं घर अशा वेळी आठवडाभर झोपून राहू शकतं. गोठ्याचं घर नाही राहू शकत, गाईला ताप-बिप कळत नाही, दूध कासेत तुंबलं की दगडी (कासेला सूज येऊन ती कडक होणं) व्हायला वेळ लागत नाही आणि उन्हाळ्यात पाण्याविना कोंबड्या एका दिवसात मरू शकतात.

१९१८ च्या फ्लूमध्ये अलास्का आणि लॅब्राडोर या उत्तर अमेरिकेतल्या अतिथंड भागांतल्या छोट्या वस्त्यांचं काय झालं ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. शिकार करणारी, मासे धरणारी, स्वतःचं सरपण स्वतः आणणारी माणसं, आपल्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त स्वावलंबी. पण घरातली सगळी मोठी माणसं एकाच वेळी पडली आणि विस्तव पेटवायला, पाणी द्यायला कोणी उरलं नाही, कित्येक जण आजारातून वाचले असते ते थंडीने आणि उपासाने गेले. त्यांच्याकडे वस्तू कमी होत्या म्हणून नाही झालं ते, उभं राहिलेलं माणूस नव्हतं म्हणून झालं.

म्हणून माझं म्हणणं असं की अजून एक पोतं भरण्याआधी एक वही करा. घरातलं प्रत्येक रोजचं काम असं लिहा की घर न पाहिलेल्या माणसालाही ते करता येईल. पंप कसा सुरू होतो, हवा धरली तर काय करायचं, मेन व्हॉल्व्ह कुठे, कुठल्या गाईला किती चारा, कुठली लाथ मारते, खुराडं किती वाजता बंद करायचं, सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या आणि कधी. मग प्रत्येक काम घरातल्या निदान दोघांना येतंय ना ते बघा, नुसतं "येतं" म्हणून नाही, एकेक आठवडा कामं खरंच बदलून करून बघा. मुलांनाही घ्या त्यात. आणि घराबाहेरचा एक माणूस, शेजारचं शेत असेल किंवा अर्ध्या तासावरचं घर असेल, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा की तुमच्याकडे आजार आला तर आम्ही तुमची जनावरं बघू आणि आमच्याकडे आला तर तुम्ही. हे बोलणं साथ येण्याआधीच व्हायला हवं, ताप चढल्यावर फोन करून ते जमत नाही.

दुसरं म्हणजे कुठली कामं सोडून द्यायची तेही आधी ठरवा. जनावरांचं पाणी-चारा, धार, सरपण, माणसांचं जेवण आणि औषधं एवढं चाललं तरी पुष्कळ झालं, तण वाढू दे, लोणी-तूप राहू दे, अंगण नाही झाडलं तरी चालतं. वासरू असेल तर आजारपणात त्याला गाईपाशीच सोडा, ते दूध पिऊन कास हलकी करतं आणि धारेचा भार कमी होतो. आजार जवळपासच्या भागात आलाय असं कळलं आणि एखादी गाय गाभण, आटवायच्या (म्हणजे विण्याआधी धार बंद करायच्या) बेतात असेल तर पशुवैद्याला विचारून थोडी आधीच आटवून टाका.

आणि गेट लावण्याबद्दल. इंग्लंडमधलं ईम नावाचं गाव आहे, १६६५ मध्ये तिथे प्लेग आला आणि १६६६ मध्ये त्या लोकांनी स्वतःहून गावाची हद्द बंद केली, आजार बाहेर जाऊ नये म्हणून. लोकांना त्यांचा त्याग आठवतो आणि तो आठवायलाच हवा, पण ते तेवढे महिने तगले कारण आजूबाजूचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी अन्नधान्य ठेवून जायचे आणि हे लोक व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तिथे ठेवायचे. म्हणजे गेट बंद होतं तरी गेटवर देवघेव चालू होती. तुमच्याही घरी मीठ, काडेपेट्या, साबण, पॅड्स, चष्मे, पंपाचे वायसर, सोलरची बॅटरी, बीपीच्या गोळ्या हे शेतात उगवत नाही. रोजच्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा डॉक्टरांना सांगून ठेवा. घरात इन्सुलिन लागत असेल तर न उघडलेलं दोन ते आठ अंशात ठेवावं लागतं, तेव्हा सोलरवर फ्रिज किती तास चालतो हे आजच मोजा.

प्रश्न : बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आम्ही गेटपाशी धुवायचो, तीन दिवस उन्हात ठेवायचो. पुढच्या वेळीही हेच करायचं का?

कोरोनाच्या बाबतीत एवढं करायची गरज नव्हती. सुरुवातीला कोणालाच नक्की माहीत नव्हतं त्यामुळे तेव्हा केलंत ते बरोबरच केलंत, पण पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून आजार होण्याची शक्यता दर वेळी दहा हजारात एकाहूनही कमी असते. तो पसरत होता श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून. म्हणजे पिशवी तीन दिवस उन्हात आणि ती आणणारा पाहुणा मात्र आत बसून चहा पितोय, हे उलटं झालं. पाहुण्यांना बाहेर झाडाखाली बसवा, वस्तू घेतल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा, झालं. साबण त्या विषाणूचं चरबीचं वेष्टणच फोडतो. फक्त पुढची साथ याच मार्गाने येईल असं धरून चालू नका, कॉलरा पाण्यातून येतो, प्लेग पिसवांमधून, तेव्हा "कशातून पसरतंय" हे आधी विचारायचं आणि मग मेहनत करायची. आणि ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड एकत्र कधीच करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : आमचं घर म्हणजे एक मोठी खोली, तिथेच चूल. कोणी आजारी पडलं तर वेगळं ठेवायचं कुठे? आणि हॉस्पिटल दोन तासांवर आहे.

आजारी माणसाला आत कोंडण्यापेक्षा हवा खेळती राहील तिथे ठेवा, पडवी, माळ्याखालची मोकळी जागा, हवामान बरं असेल तर शेडसुद्धा चालेल. चुलीपासून लांब ठेवा, आधीच थकलेल्या फुप्फुसात धूर नको. सेवा करणारं माणूस एकच असू दे, शक्यतो तरुण आणि धडधाकट, दोघांच्या तोंडाला मास्क.

दोन तासांच्या अंतराबद्दल जास्त बोलायला हवं. शहरातला माणूस "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणू शकतो, तुम्ही नाही म्हणू शकत. ऑक्सिमीटर घेऊन ठेवा. कोरोनात कितीतरी लोकांचा ऑक्सिजन खाली गेला तरी त्यांना दम लागल्यासारखं वाटतच नव्हतं, त्यामुळे माणूस बोलतोय, चालतोय यावर जाऊ नका. आकडा ९४ किंवा खाली आला की डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली म्हणजे गाडी काढायची. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून एका आकड्यापेक्षा तो दिवसागणिक घसरतोय का ते लिहून ठेवा. आणि ताप उतरला म्हणून सुटलो असं समजू नका, कोरोनात बऱ्याच जणांची तब्येत पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडली. गाडी कोणाची, रात्री चालवणार कोण, इंधन आहे का हे पहिल्या दिवशीच ठरवा.

प्रश्न : कोंबड्यांपासून कोरोना होतो म्हणून आमच्या ओळखीच्यांनी सगळ्या काढून टाकल्या. आम्ही काय करावं?

ठेवा. प्रयोगात मुद्दाम देऊनसुद्धा कोरोनाचा विषाणू कोंबड्यांमध्ये वाढला नाही. बर्ड फ्लू हा वेगळा आजार आहे, तिथे मात्र खरी काळजी हवी, पटापट कोंबड्या मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवा. आणि साथीच्या बातम्या ऐकून नवी पिल्लं आणणार असाल तर पहिलं अंडं साधारण पाच महिन्यांनी मिळतं हे लक्षात ठेवा.

प्रश्न : २०२० मध्ये बाजारात बियाणंच मिळेना. आता घरचं धरायचंय. कुठून सुरुवात करू? शिवाय माझी सतरा वर्षांची मुलगी म्हणते की लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना सुट्टी होती आणि मला दुप्पट काम. तिचं काय करू?

आधी मुलीचं. दादा, ती खरं बोलतेय. शाळा बंद झाली की शेतावरच्या मुलाचा दिवस मोकळा होत नाही, तो कामाने भरतो, आणि मैत्रिणी भेटायच्या ती एकच जागाही जाते. नेटवर्क जिथे मिळतं तिथे जायला तिला रोज ठरलेला वेळ द्या आणि त्या वेळात हाक मारू नका. आठवड्यातला एक दिवस तिच्या वाट्याची कामं तुम्ही करा. बियाण्याचं काम तिला आवडत असेल तर ते पूर्ण तिच्याकडे सोपवा, वाण तिने निवडायचे, नोंदी तिच्या. आवडत नसेल तर लादू नका.

बियाणं मिळेना हे तुमच्याकडेच झालं असं नाही, त्या वसंतात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बियाणं कंपन्यांना काही काळ ऑर्डर घेणंच थांबवावं लागलं होतं. सुरुवात टोमॅटो, वाल, घेवडा यांच्यापासून करा, यांच्यात परपरागीकरण (दुसऱ्या झाडाचा पराग येऊन मिसळणं) कमी होतं त्यामुळे वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. काकडी-भोपळ्याचं बी नंतर शिका, त्यांची फुलं मधमाश्या मिसळून टाकतात. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही, सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याच्या बियांपासून पुन्हा तसंच झाड येतं तो. सगळ्यात आधी पिकलेलं, निरोगी झाड खुणेची दोरी बांधून ठेवा म्हणजे कोणी तोडून खाणार नाही. बी सावलीत कडकडीत वाळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, वर नाव आणि साल. टोमॅटोचं बी चार वर्षं सहज टिकतं, कांद्याचं मात्र वर्ष-दोन वर्षांत मरतं. आणि धरलेल्यातलं थोडं बी दुसऱ्या घरी देऊन ठेवा, तुमचं गेलं तर तिथून परत मागता येईल.