मुलीच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी ओरल इम्युनोथेरपी करावी का?

मुलगी सहा वर्षांची, डॉक्टर थेरपी सुचवताहेत आणि तुम्हा दोघांचं एकमत होत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलाची थेरपी चालू आहे, म्हणून लिहिते.

यानं ॲलर्जी बरी होत नाही, हे आधी पक्कं धरा. शेंगदाण्याचं प्रथिन कणभर मात्रेपासून रोज द्यायचं, दर दोनेक आठवड्यांनी दवाखान्यात डॉक्टरांसमोर मात्रा वाढवायची आणि ३०० मिलिग्रॅमवर, म्हणजे साधारण एका दाण्यावर आलं की ती रोज घेत राहायची. चुकून कशातून कूट पोटात गेलंच तर जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅलिसेड' चाचणीत सुमारे वर्षभराच्या उपचारानंतर ६७ टक्के मुलांना एका वेळी ६०० मिलिग्रॅम सोसलं, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिसायला तशीच पूड घेणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना. हा आकडा सगळे सांगतात. पण २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात, नुसतं पथ्य पाळणाऱ्या मुलांपेक्षा थेरपी घेणाऱ्यांना तीव्र रिॲक्शन जास्त आल्याचं दिसलं. साहजिकच आहे, रोज दाणा पोटात जातोय. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत तर तुम्ही विषय काढा.

मग आम्ही का केली? घरातलं कूट बंद करणं अवघड नव्हतं. मंडळाच्या गणपतीतली खिरापत, कुणाकडची साबुदाण्याची खिचडी, पुण्यात आत्यांनी पुढे केलेली चिक्की, हे कुठवर अडवणार? 'एवढ्याशानं काय होतंय गं' म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतंच. अमेरिकन शेजाऱ्यांना समजावणं सोपं गेलं, खरं सांगायचं तर.

तुम्ही आकड्यांवरून वाद घालत असाल तर तो थोडा बाजूला ठेवा आणि रोज संध्याकाळी हे कोण करणार ते ठरवा. आमच्याकडे पूड गार श्रीखंडात कालवतो, गरम कशात घालायची नाही. चिरंजीव वास घेऊन मान फिरवतात, मग वाटीच्या कडेला लागलेलं चाटून संपवण्यावरून घासाघीस. त्यानंतर तीन तास पळापळ नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, निदान तासभर झोप नाही. संध्याकाळचं सॉकर त्यामुळे सुटलं. ताप आला की डॉक्टरांना फोन, कारण आजारपणात नेहमीची मात्रा रेटायची नसते. तोंड खाजणं, पोट दुखणं होत राहतं. घास अडकायला लागला किंवा पोटदुखी, उलट्या थांबेनात, तर अन्ननलिकेला सूज असू शकते, लगेच कळवा. दमा आटोक्यात नसेल तर थेरपी सुरूच करू नये.

नवरा-बायकोपैकी एकालाच हे ओढावं लागणार असेल, तर मी थांबा म्हणेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे खाण्याच्या ॲलर्जीवर ओमालिझुमॅब या औषधाच्या इंजेक्शनला एक वर्षावरच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली आहे. दर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं, पथ्य मात्र कायम. तेही विचारून बघा.

आणि थेरपी करा वा नका करू, भारतात जाताना ईपिपेन, म्हणजे तीव्र रिॲक्शन आली की लगेच टोचायची ॲड्रेनालिनची इंजेक्शनं, इथूनच पुरेशी न्या. तिथे ती सहज मिळत नाहीत.