सोर्समधून होम डिरेक्टरीत टाकलेला प्रोग्राम बिल्ड होतो, पण चालवला की लायब्ररी सापडत नाही. काय करू?

लिनक्स सर्व्हरवर तुमच्याकडे रूट (ॲडमिनचे अधिकार) नाही. म्हणून आधी लायब्ररी आणि मग तिच्यावर अवलंबून असलेला प्रोग्राम, दोन्ही तुम्ही होममध्ये वेगळा प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) देऊन टाकलेत. मेक इन्स्टॉल बिनबोभाट झालं, पण प्रोग्राम चालवला की 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही'. फाइल तर तिथेच आहे!

गोम अशी आहे की लायब्ररी दोनदा शोधली जाते, आणि दोन्ही वेळी शोधणारा वेगळा असतो. बिल्डच्या वेळी प्रोग्राम आणि लायब्ररी जोडणारा लिंकर शोधतो. त्याला तुम्ही एलडीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमधून जागा दाखवलीत, पण ती माहिती बायनरीत (तयार प्रोग्रामच्या फाइलीत) उतरत नाही. प्रोग्राम सुरू होताना डायनॅमिक लोडर शोधतो आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो सिस्टिमचे ठरलेले फोल्डर व एलडीकॉन्फिगची कॅश (लायब्ररींच्या जागांची तयार यादी) यापलीकडे बघत नाही. ती कॅश बदलायला रूट लागतो.

लोडरला जादा फोल्डर सांगणारा 'एलडी_लायब्ररी_पाथ' हा व्हेरिएबल बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टाकून मोकळे व्हा, असं बरेच जण सुचवतील. निदान पक्कं करायला एकदा वापरा, कायमचा नको. तो त्या शेलमधून सुरू होणाऱ्या सगळ्याच प्रोग्रामांना लागतो. तुमच्या त्या फोल्डरात ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची निराळी आवृत्ती असली, तर उद्या नेटवरून फाइली आणणारा कर्ल बिघडेल आणि तुम्ही दोष नेटवर्कला देत बसाल.

त्यापेक्षा पत्ता बायनरीतच कोरा. मेक क्लीन करा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवताना एलडीफ्लॅग्जमध्ये लिंकरला जागा दाखवणाऱ्या आधीच्या 'डॅश कॅपिटल एल'च्या जोडीला आरपाथही (बायनरीत कोरायचा लायब्ररीचा पत्ता) द्या: डॅश, कॅपिटल डब्ल्यू, स्मॉल एल, स्वल्पविराम, डॅश आरपाथ, स्वल्पविराम आणि लगेच लिब फोल्डरचा पत्ता. मध्ये कुठेही स्पेस नको. पत्ता मुळापासून पूर्ण लिहा, अवतरणचिन्हांत टिल्डचा (होमसाठीचं ~ हे चिन्ह) विस्तार होत नाही. फोल्डर लिब आहे की लिब६४ हेही बघून घ्या, निम्मे घोळ तिथेच असतात.

इन्स्टॉल झाल्यावर बायनरीवर 'रीडएल्फ डॅश डी' चालवा. आरपाथ किंवा रनपाथची (आरपाथचंच नवं रूप) ओळ दिसली की काम झालं. मात्र रनपाथ फक्त त्या बायनरीच्या थेट लायब्ररींपुरता चालतो. तुमच्या लायब्ररीला त्याच फोल्डरातली आणखी एखादी लागत असेल, तर तुमची लायब्ररीही आरपाथ देऊनच बिल्ड करावी लागेल.

प्रोजेक्ट कॉन्फिगरऐवजी सीमेक या बिल्डच्या साधनाचा असेल तर तऱ्हा वेगळी. सीमेक स्वतःच बिल्डपुरता आरपाथ घालतो आणि इन्स्टॉल करताना काढून टाकतो. त्यामुळे बिल्ड फोल्डरातून चालणारा प्रोग्राम इन्स्टॉल केल्यावर रुसतो. तिथे 'सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ' हा व्हेरिएबल भरा.

पुन्हा कंपाइल करण्याइतका वेळ नसेल तर पॅचएल्फ हा छोटा प्रोग्राम आहेच, तयार बायनरीत तो नंतरही आरपाथ घालून देतो.