आकडा स्थिर, तिसरा कप आंबट: कंट्रोलर बदलण्याआधी क्षार बघा

तुमची तक्रार वाचली आणि माझंच जुनं दुखणं आठवलं. सेकंडहँड हीट एक्स्चेंजर जातीचं एस्प्रेसो कॉफी मशीन, साताऱ्यात बोअरचं पाणी, पहिला शॉट झकास, पाठोपाठ काढलेला तिसरा आंबट, आणि डिस्प्लेवरचा तापमानाचा आकडा जागचा हलत नाही. कुणीतरी म्हणालं पीआयडी कंट्रोलर (तापमान राखणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदला, आणि तुम्ही विचारताय की बदलू की आधी व्हिनेगर फिरवून बघू. माझं मत, दोन्ही नको.

मी मेकॅनिक नाही. सांगलीत विश्रामबागला घरी कॉफी करणारा माणूस आहे. मशीन वॉरंटीत असेल तर हे सगळं वाचून सोडून द्या.

तो आकडा बॉयलरचा आहे. कॉफीचं पाणी त्या बॉयलरमधलं नसतंच, बॉयलरच्या पोटातून गेलेल्या नळीतून जाता जाता ते तापतं. बॉयलर 120 अंशांच्या आसपास आणि कॉफीवर पडणारं पाणी 90 ते 96 अंश, हा सगळा मेळ नळीच्या भिंतीतून उष्णता किती पटकन आत जाते त्यावर बसवलेला. नळीचं तांबं तिच्यावर बसणाऱ्या क्षारापेक्षा शंभरपटीहून चांगली उष्णता वाहून नेतं, त्यामुळे क्षाराचा पातळसा थरही उष्णता अडवायला पुरतो. मशीन अर्धा तास नुसतं बसलं असेल तर नळीतल्या पाण्याला तापायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून पहिला कप चांगला. पाठोपाठ काढायला लागलात की पंप गार पाणी ढकलतो आणि थरातून उष्णता पोचायच्या आत ते ग्रुपमधून, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या तोंडातून, बाहेर. तिकडे बॉयलर आपला 120 वर खूश. सेन्सरवर थर बसला तर गोष्ट वेगळी: त्याला सगळं उशिरा कळतं, पाणी तापवणारी कॉइल उशिरा चालू होते, उशिरा बंद होते, आणि आकडा वर-खाली नाचतो. तुमचा नाचत नाहीये. मग कंट्रोलरवर आळ का?

आता माझे पैसे कुठे गेले ते सांगतो. एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, लक्षणं सांगितली. पलीकडच्याने मधेच तोडून सांगितलं, "कंट्रोलर गेलाय." मागवला, बसवला, तिसरा कप आंबटच. मग म्हणे मशीन पाठवा. खोक्यात भरून, थर्माकोल कोंबून पाठवलं. परत आलं ते 'मशीन ओके' असा शेरा मारून. नंतर विचारल्यावर कळलं, त्यांनी एक शॉट काढून बघितला होता. एक! अहो, पहिला शॉट माझ्याकडेही चांगलाच येत होता, तेच तर मी पानभर लिहून दिलं होतं. त्या कागदाची घडीसुद्धा कुणी उलगडली नव्हती. पुन्हा भांडलो तेव्हा म्हणाले, "सर, डिस्केल करून देतो." केलं. न उघडता, क्षार विरघळवणारं कसलंसं जहाल द्रावण फिरवून. आतले पापुद्रे सुटले आणि ग्रुपकडे जाणाऱ्या बारीक जेटमध्ये जाऊन बसले. जेट म्हणजे अगदी बारीक भोकाचा तुकडा. आता पहिला कपही गेला, ग्रुप कोमट. बिल मात्र वेळेवर आलं, त्यात 'तपासणी शुल्क' वेगळं.

शेवटी मिरजेतल्या एका गिझर दुरुस्तीवाल्याने कॉइलची फ्लँज, म्हणजे ती जिच्यावर बसते ती चकती, खोलली. कॉइलवर पांढऱ्या गुठळ्यांची रांग, गुढीला घालतात त्या साखरेच्या गाठींसारखी. तो म्हणाला, "आमच्याकडं रोजचंय हे." कॉफी त्याने कधी प्यायलेली नव्हती.

त्यामुळे आधी घरच्या घरी एवढं करा. मशीन अर्धा-पाऊण तास तापू द्या. ग्रुपवर तळहात टेकवायला जाऊ नका, जवळ नेला तरी कळतं. नळीतलं गरम पाणी ग्रुपमधून फिरत राहून त्याला तापवतं; ग्रुप कोमट असेल तर ते फिरणं अडलंय, म्हणजे जेट किंवा नळी चोंदली किंवा हवा अडकली. ग्रुप कडक आहे पण पाठोपाठच्या कपांत पाणी गार पडत जातं, तर नळीवर थर असण्याची शक्यता जास्त. मल्टिमीटरसोबत येणारा तापमानाचा प्रोब थर्माकोलच्या कपात धरून ओळीने चार-पाच वेळा कपभर पाणी काढा आणि आकडे लिहून ठेवा. थोडी घसरण या जातीच्या मशीनला असतेच. साफसफाईनंतर तीच मोजणी परत करायची, फरक दिसतो.

डिस्केलिंगला (क्षार काढायला) किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला दोनेक मोठे चमचे. कोमट ठेवा, उकळू नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि नवाच साका तयार होतो. व्हिनेगरचा वास गॅस्केटमध्ये, म्हणजे जोड बंद करणाऱ्या चकत्यांत, मुरतो. बाथरूमचं अ‍ॅसिड तर मशीनजवळही नको, पितळ खातं. थर्मोब्लॉक (पाणी जाता जाता तापवणारा ठोकळा) अ‍ॅल्युमिनियमचा असलेल्या छोट्या मशीनना हे सगळं लागू नाही, त्यांनी कंपनीचंच द्रावण वापरावं. शेवटच्या धुवणाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसलं तर अ‍ॅसिड अजून आत आहे, आणखी धुवा. थर जाड असेल तर मात्र खोलून काढण्याला पर्याय नाही. न खोलता कुणी 'करून देतो' म्हणालं तर माझी गोष्ट आठवा. आणि खोलताना प्लग काढलेला, मशीन गार आणि दाबाचा काटा शून्यावर हवा, यात तडजोड नाही.

खरी गोम पाण्यात आहे. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, कॅल्शियम किती ते सांगत नाही. रेझिनच्या सॉफ्टनरमधून (तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो) आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो आणि तरी थर बसत नाही. कठीणपणा मोजायचा थेंबांचा किट आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) कठीणपणा 200 मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. माणसाला चालतो, मशीनला नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरला तर क्लोराइडही असतं, ते स्टीलला टोचे पाडतं आणि डिस्केलिंगने जात नाही. तुमच्याकडे नळाला कासचं पाणी येत असेल तर बोअर सोडून तेच वापरा. तलावात साठलेलं पावसाचं पाणी, बोअरच्या मानाने खूपच मवाळ. तरी एकदा थेंब टाकून बघाच.

निव्वळ आरओचं पाणीही नको. बॉयलरमधला पातळीचा प्रोब पाण्यातल्या क्षारांमुळेच वीज वाहते त्यावर चालतो. अगदी शुद्ध पाणी त्याला दिसत नाही, मशीन समजतं टाकी रिकामी आणि भरतच सुटतं. मी आरओच्या पाण्यात लिटरला 0.1 ग्रॅम खाण्यायोग्य पोटॅशियम बायकार्बोनेट घालतो. त्यात कॅल्शियमच नाही तर थर कुठून बसणार? चव थोडी सपाट लागते असं काहींचं म्हणणं, मला चालते.

फ्लँज खोलायची ठरलीच तर नवं गॅस्केट आधी मागवून ठेवा. जुनं परत बसवलं की गळतं, आणि इकडे ते दुकानात मिळत नाही.