बाबांचा फोन बदलू नकोस

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातला, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांसाठी कापूस वेचाईचा हिशेब ठेवणारं ॲप फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप करायचं साधन) बनवलं. बाबांच्या २ जीबी रॅमच्या फोनवर ते अडकत चालतं आणि काट्याच्या पावत्यांचे फोटो उघडले की बंद पडतं. नागपूरच्या आतेभावाने मॅकवरून स्वतःच्या आयफोनवर टाकलं, तर केबल काढल्यावर उघडतच नाही. फ्लटर सोडून कोटलिन ही अँड्रॉइडची भाषा शिकू का?

उत्तर : सोडू नकोस. तुझं वर्णन वाचून वाटतं, तुम्ही दोघांनीही डीबग बिल्ड, म्हणजे ॲप बनवताना तपासायची आवृत्ती, टाकलंय. त्यात डार्ट या फ्लटरच्या भाषेतला कोड ॲप चालू असतानाच मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये, बदलत राहतो. म्हणून तू केलेला बदल लगेच दिसतो, पण फोनला धाप लागते. आयफोनवर तर ॲपला असा कोड स्वतः तयार करायची परवानगीच नाही, म्हणून आयओएस १४ पासून डीबग ॲप मॅकशी जोडल्याशिवाय उघडत नाही. वापरणाऱ्यांना द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये सगळा कोड आधीच बदललेला असतो. आधी ते टाकून बघ.

फोटोंची चूक मात्र तुझी आहे, आणि ती कोटलिनमध्येही झाली असती. १२ मेगापिक्सेलचा फोटो साठवताना ३-४ एमबीचा असतो, पण पडद्यावर दाखवताना ४००० × ३००० पिक्सेल आणि प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी खातो. दहा पावत्या एकदम उघडल्या की जवळपास अर्धा जीबी! यादीतल्या फोटोला कॅशविड्थ ३०० दे, म्हणजे तो ३०० पिक्सेल रुंदीचा होऊनच मेमरीत येईल. तोच फोटो पाव एमबीच्या आसपास येईल. यादीही लिस्टव्ह्यू बिल्डरने कर, म्हणजे दिसतात तेवढ्याच पावत्या तयार होतील.

आयफोनचं सध्या राहू दे. ॲपलची फी वर्षाला ९९ डॉलर, प्ले स्टोअरची एकदाच २५. तुझे वापरणारे अँड्रॉइडवरच आहेत. कोटलिन पुढे थोडं शीकच, ब्लूटूथ काटा जोडायचा झाला तर लागू शकेल.

बाबांचा फोन बदलायचा विचार मात्र करू नकोस. महागड्या फोनवर ही चूक तुला दिसलीच नसती. मुलाखतीत हाच फोन टेबलावर ठेव आणि दुरुस्तीच्या आधी किती मेमरी लागत होती, नंतर किती, ते आकडे दाखव. मी मुलाखती घेतल्या आहेत. असं काही घेऊन येणारं पोर माझ्या लक्षात राहतं. दिवाळीच्या सुमारास वेचाई जोरात असेल. तेव्हा बाबांना वावरात, उन्हात, एका हाताने वजन टाकायला सांग. बोट कुठे अडतं ते वहीत लिही आणि मला कळव.