ऊन, पाणी आणि सफारीची वेळ

प्रश्न : डिसेंबरात आम्ही ताडोब्याच्या कोअर (गाभा) क्षेत्रात सकाळच्या दोन सफारी केल्या. कडाक्याच्या थंडीत पहिला दीड तास जवळजवळ काहीच दिसले नाही आणि वाघाचे दर्शन तर झालेच नाही. मे महिन्यात गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांना मात्र एकाच दुपारी पाण्यात बसलेली वाघीण बराच वेळ पाहता आली. हा केवळ नशिबाचा भाग समजावा काय? पुढच्या वेळी सत्तरीतली आईही सोबत असेल. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नशिबाचा वाटा असतोच, पण तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या अनुभवातील फरकाचे मुख्य कारण पाणी हे आहे. ताडोबा हे साग आणि बांबूचे पानझडी जंगल. पावसाळा सरल्यावर तिथे नाल्यांना पाणी असते, डबकी भरलेली असतात, गवत उंच आणि बांबूची बेटे दाट असतात. डिसेंबरातही यातले बरेच टिकून असल्यामुळे चितळ, गवे किंवा वाघ यांना ठरावीक जागी येण्याची गरज भासत नाही, आणि वाघ रस्त्यापासून वीस पावलांवर बसलेला असला तरी जिप्सीतून तो दिसेलच असे नाही. पुढे साग निष्पर्ण होतो, नाले आटतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा ताडोबा आणि तेलिया यांसारखे तलाव व वनविभागाने तयार केलेले पाणवठे एवढाच वन्यजीवांचा आधार उरतो. वाघाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, सावली धरतो आणि पाण्यात बसून अंग थंड करतो. त्यामुळे उन्हाळ्यातील दुपारची सफारी माणसाला जितकी असह्य, तितकीच निरीक्षणाला फलदायी ठरते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची महाराष्ट्रातील पद्धतही याच कारणाने रुजली आहे : पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले असते आणि चांदण्यात प्राणी ओळखता येतात.

थंडीत मात्र उलट घडते. पहाटे धुके आणि गारठा असतो; ऊन गवतावर उतरू लागले की चितळांचे कळप मोकळ्यावर येतात, आणि मगरी तर ऊन चांगले तापल्यावरच काठावर येऊन पडतात. तुमचा पहिला दीड तास बहुधा यामुळेच रिकामा गेला. तरीही तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण रात्रीची फेरी संपवून परतणारा वाघ याच सुमारास मातीच्या रस्त्याने चालत येतो, ताजे ठसे मिळतात, आणि निवांत हवेत वाघ जवळ असल्याचा सांबराचा किंवा वानराचा इशारा दुरूनही ऐकू येतो. अशा वेळी गाडी बंद करून दहा मिनिटे थांबायला गाईडला अवश्य सांगावे.

एक सावधगिरी सांगतो. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला की डबकी पुन्हा भरतात आणि पाणवठ्यावरची वर्दळ काही दिवस ओसरते. सोसाट्याचा वारा असतानाही चितळे बिचकलेली राहतात, कारण वास आणि आवाज या दोन्हींवरचा त्यांचा भरवसा सुटतो. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असते. कोअरभोवतीच्या बफर पट्ट्यातील काही प्रवेशद्वारे तेवढी सुरू राहतात.

आई सोबत असताना मे महिना टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. तेव्हा झाडी विरळ होऊ लागलेली असते, पाणी कमी होत आलेले असते आणि दुपारही सोसवते. मोहाची फुले गळू लागली असतील तर ती खायला येणारे अस्वल पहाटे दिसण्याचीही शक्यता असते. दोन्ही सफारी सकाळच्या न घेता एक सकाळची आणि एक दुपारची घ्यावी. दुपारच्या फेरीत सगळे रस्ते पालथे घालण्याऐवजी एखाद्या पाणवठ्यापासून पुरेसे अंतर राखून, प्राण्याची पाण्याकडे येण्याची वाट मोकळी ठेवून, सावलीत गाडी उभी करायला सांगावी. आईंनाही त्यात गाडीचे हादरे कमी बसतील.