उघड्या हवेत प्लाझ्मा तयार करता येतो का? त्याचा उपयोग काय?

प्रश्न असा की निर्वात पंप न लावता, साध्या हवेत प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वीज वाहून नेणारा वायू) होतो का आणि झालाच तर त्याचं करायचं काय. होतो. गॅस लायटरची ठिणगी म्हणजे प्लाझ्माच. अवघड आहे ते त्याला थंड ठेवणं.

1 सेंटिमीटर फटीतून ठिणगी पाडायला साधारण 30 किलोव्होल्ट लागतात. पण हवेने एकदा विजेला वाट दिली की सगळा करंट तिथूनच धावतो. वाट तापते, तापली की आणखी सोपी होते, आणि बघता बघता वेल्डिंगचा आर्क उभा राहतो, हजारो अंशांचा. ट्यूबलाइटमध्ये वायू इतका विरळ असतो की इलेक्ट्रॉन तापले तरी त्यांच्या टकरा कमी होतात आणि वायू फारसा तापत नाही. उघड्या हवेत ही सवलत नाही.

यावरचा तोडगा जर्मन अभियंता वेर्नर सीमेन्स यांनी 1857 मध्येच काढला होता: इलेक्ट्रोड काचेआड ठेवायचे आणि एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, द्यायचा. ठिणगी काचेपर्यंत पोचते, तिथे विद्युतभार साचतो आणि तोच भार ठिणगीला विझवतो. तिचं आयुष्य काही नॅनोसेकंदांचं, आर्क व्हायला वेळच मिळत नाही. उलट्या अर्धचक्रात पुन्हा तेच. अशा असंख्य बारीक ठिणग्या मिळून जांभळट धुकं दिसतं. दिवे मालवून मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काम विसरून नुसता बघत बसलो होतो.

सीमेन्स यांना ओझोन हवा होता. पाणी निर्जंतुक करायला ओझोन आजही बहुधा याच पद्धतीने बनवतात. फ्रान्समधल्या नीस शहरात हे 1906 पासून सुरू झालं.

माझा संबंध आला तो मात्र प्लास्टिक फिल्मशी. पॉलिथिनवर शाई धरत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग शाईला पसरूच देत नाही. छपाईआधी फिल्म एका रोलरवरून याच बारीक ठिणग्यांच्या डिस्चार्जखालून नेतात. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट चिकटतात आणि शाई बसते. याला कारखान्यात ‘कोरोना ट्रीटमेंट’ म्हणतात. परिणाम कायमचा नसतो. आमचा एक रोल बरेच दिवस पडून राहिला, डाइन पेनची (पृष्ठभाग शाई धरेल का ते तपासायच्या पेनची) रेघ थेंबाथेंबांनी गोळा झाली आणि सगळा रोल पुन्हा ट्रीट करावा लागला.

हेलियम किंवा आर्गनचा झोत वापरला तर बोट लावण्याइतका थंड प्लाझ्माही मिळतो. जखमेवरचे जंतू मारायला तसली उपकरणं वापरात आहेत. बियाण्यांवर प्लाझ्मा मारून पीक वाढतं असे दावे दिसले तर जरा जपून वाचा.

घरी करून बघणार असाल तर मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून अजिबात करू नका, त्याचा एकच झटका जीव घेतो. आणि तिखट वास आला तर खिडकी उघडा. तो ओझोन असतो. अनेक ठिकाणी कामाच्या जागी त्याची मर्यादा 0.1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) धरतात आणि नाकाला तो त्याच्याही आधी जाणवतो.