दाखवलं फक्त, पाठवलं नाही

ताई, त्या अल्पवयीन मुलीचा तो खासगी फोटो तुम्ही पत्राला जोडला नाहीत हे फार बरं केलंत. ‘पुरावा म्हणून पाठवू का?’ असं विचारलंयत, त्याचं उत्तर आधी देते, बाकीचं सावकाश. नको. मला नको, तुमच्या मोठ्या दिरांना नको, त्या मुलीच्या आईवडिलांनाही नको. तुमच्या स्वतःच्या फोनवर त्याचा स्क्रीनशॉट आहे, तेवढाच ताप पुरेसा आहे. त्याचं काय करायचं ते खाली सांगते.

वाचकांसाठी पत्रातली हकिकत थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं बदलून. कुटुंब न्यू जर्सीत एडिसनला राहतं, सासर अमळनेर तालुक्यातलं. उन्हाळी सुट्टी धरून सगळे कानबाईच्या रोटांना, खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, गावी आले होते. भाऊबंद जमले, घर भरलं, पोरं रात्री गच्चीवर झोपायला. मुलगा १५ वर्षांचा. त्याच्या वर्गातल्या मुलीनं स्वतःचा एक खासगी फोटो त्याला पाठवला होता. गच्चीवर, चादरीखाली, मोबाइलच्या उजेडात त्यानं तो १६ वर्षांच्या चुलतभावाला दाखवला. हा पाणी प्यायला खाली गेला तेवढ्यात चुलतभावानं स्क्रीनचाच फोटो काढला आणि सात जणांच्या ग्रुपवर टाकला. त्या सातांतला एक कॉलेजात, वय १९. त्यानं इन्स्टाग्रामवर मुलीला शोधून काढलं आणि ‘आणखी पाठव, नाहीतर…’ असा मेसेज केला. घाबरलेल्या मुलीनं तो मेसेज याला पाठवला आणि यानं रडत आईला दाखवला.

ताईंचे प्रश्न दोन. आपल्या मुलाला पोलीस नेतील का, व्हिसाचं काय होईल? आणि दुसरा, जरा रागातला: ‘पोरंच आहेत. पोरांच्या चुकीला एवढा मोठा कायदा कशाला?’

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो राग मलाही येतो, फक्त वेगळ्या जागी.

हे कायदे केले तेव्हा डोळ्यांसमोर होता लहान मुलांचा बाजार मांडणारा मोठा माणूस. कायद्यानं ‘मूल’ म्हणजे १८ वर्षांखालचं, असं ठरवलं आणि त्याचा असा फोटो काढणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं या सगळ्याला गुन्हा केलं. मुलाच्याच हातात कॅमेरा येईल आणि मूल स्वतःचाच फोटो काढील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे कायद्याचा शब्द धरून बसलं तर तुमच्या गोष्टीतली ती मुलगीसुद्धा आरोपी ठरू शकते, आपल्याच फोटोची. ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १७ वर्षांच्या मुलानं स्वतःचाच फोटो एका मोठ्या बाईला पाठवला होता. पाठवणं चुकीचं होतंच. पण त्याला दोषी धरलं ते लहान मुलांचं शोषण करणाऱ्यांसाठी केलेल्या कलमाखाली, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. शेवटी २०१९ मध्ये विधिमंडळाला कायदा बदलावा लागला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात असं चित्र बनवण्याला किमान १५ वर्षं आणि पाठवण्याला किमान ५ वर्षं शिक्षा आहे, आणि करणारा स्वतःच मूल असेल तर काय, याबद्दल त्या कलमांत एक ओळ नाही.

आपल्याकडेही नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब त्याआधीचं, पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १० लाखांपर्यंत दंड. दोन्हींत १८ खालच्या दोघांनी आपखुशीनं केलं तर सूट, असा शब्दही सापडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी घट्ट धरलं: अशी सामग्री मोबाइलमध्ये ठेवणं, न मिटवणं, न कळवणं हेही, त्यामागचा हेतू ती पुढे देण्याचा असेल तर, गुन्हाच. मद्रास उच्च न्यायालयाचा उलटा निकाल त्यांनी रद्द केला. त्याच निकालात एक गोष्ट मला फार पटली. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नका, हे मुलांचं शोषण आहे, तसंच म्हणा, असं न्यायालयानं सांगितलं. आपली वर्तमानपत्रं मात्र अजून ‘अश्लील फोटो व्हायरल’ असाच मथळा देतात. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, कुणाचा फोटो? पाठवला कुणी, हे तिसऱ्या परिच्छेदात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की फोटो एक असला तरी त्याला लागलेले हात वेगवेगळे आहेत आणि कायद्यानं ते वेगळे मोजले पाहिजेत. मुलीनं विश्वास टाकला, तो गुन्हा नव्हे. तुमच्या मुलानं तो विश्वास मोडला. पुतण्यानं चोरी केली आणि वाटली. चौथ्यानं धमकी दिली, आणि तो मूल नाही. ‘पोरंच आहेत’ म्हणून चौघांना एकाच टोपलीत टाकलंत की त्यात सगळ्यात जास्त मार बसलेली मुलगी दिसेनाशी होते. तुमच्या चार पानी पत्रात तिच्याबद्दल तीन ओळी आहेत, ताई. आईचं मन असंच असतं, मला कळतं. तरी मोजल्या.

जगात काही ठिकाणी हे हात वेगळे धरायला सुरुवात झाली आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच, दोघांनी आपसांत, आपल्यापुरतं ठेवलेलं चित्र बाजूला काढलं, आणि २०१५ पासून तिथल्या कायद्यानं परवानगीशिवाय पुढे पाठवणं हा वेगळा गुन्हा ठरवला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ मध्ये दोन वर्षांच्या आतलं अंतर असलेल्या मुलांसाठी वाट करून दिली. इंग्लंडमध्ये २०१६ पासून पोलीस नोंद करतात, पण जोरजबरदस्ती नसेल तर ‘पुढे कारवाई लोकहिताची नाही’ असं लिहून थांबू शकतात.

जर्मनीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या स्क्रीनशॉटची गोष्ट आहे. तिथे २०२१ मध्ये संतापाच्या भरात शिक्षा वाढवल्या, किमान एक वर्ष केलं, आणि प्रकरण मिटवायची, सोडून द्यायची सोयच काढून टाकली. जाळ्यात कोण सापडलं? मुलाच्या मोबाइलमध्ये असलं काही दिसलं म्हणून इतर पालकांना सावध करायला तो फोटो पुढे पाठवणारी आई. शाळेत मुलाकडून पुरावा म्हणून फोटो मागून घेणारी शिक्षिका. शेवटी २०२४ मध्ये त्यांना कलम पुन्हा सौम्य करावं लागलं. म्हणून म्हणते, पुराव्यासाठी म्हणूनही जवळ घेऊ नका. तुमचे दीर ‘बघू तरी काय आहे’ म्हणताहेत, त्यांना सांगा, बघायचं काही नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. गोष्ट दोन देशांत घडली आहे, म्हणून दोन भाग.

न्यू जर्सीत तुमच्या मुलासाठी वाट आहे. तिथे २०११ मध्ये कायदा झाला: फोटो काढणारं आणि फोटोतलं, दोघंही अल्पवयीन असतील, आधीचा गुन्हा नसेल, आपण गुन्हा करतोय याची मुलाला जाणीव नसेल, तर खटल्याऐवजी समुपदेशनाचा कार्यक्रम देता येतो. कायद्याचे परिणाम काय, नात्यांवर, शाळेवर, पुढच्या नोकरीवर काय होतं, हे त्यात शिकवतात. पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. आणि ‘दाखवलं फक्त, पाठवलं नाही’ हे तुमच्या मुलाचं वाक्य तिथे ढाल म्हणून वापरू नका. त्या राज्यात २००४ पासूनच दुसऱ्याचं असं चित्र त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हा गुन्हा आहे. चादरीखाली उघड केलं, एवढाच फरक.

व्हिसाबद्दल: बाल न्यायालयानं दोषी ठरवणं म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात सहसा ‘कन्व्हिक्शन’ धरत नाहीत. मोठ्यांच्या न्यायालयात गेलं तर मात्र चित्र बदलतं. आणि ग्रीन कार्डाच्या वेळी अधिकाऱ्याला स्वतःच्या मर्जीनं बरंच काही बघता येतं. म्हणून बालगुन्ह्यांचा वकील धरा, आणि त्याला पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्यांचे व्हिसा सांगा. पुष्कळ लोक ते शेवटी सांगतात. स्क्रीनशॉटचंही त्यालाच विचारा. तोपर्यंत तो फोन बंद करून कपाटात. नवी प्रत काढायची नाही, कुणाला दाखवायचा नाही, आणि घाबरून मुलाच्या चॅट साफ करत बसायचं नाही. धमकीचा मेसेज, तारीख, त्या मुलाचं खातं, हे पोलिसांना लागणार आहे. फोटो लागणार असेल तर तो ते रीतसर घेतील.

अमळनेरचा भाग जास्त अवघड आहे आणि तिथे तुमचं घर चूक करायच्या बेतात आहे. दिरांचा निरोप तुम्ही जसाच्या तसा लिहिलाय: ‘कोणले सांगू नको, घरमाच मिटाडी टाकूत.’ बसून मिटवायची आपली जुनी सवय. बांधाचं भांडण असं मिटतं, हे नाही मिटत. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं, न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. फोटोतली मुलगी अमेरिकेत राहते म्हणून सुटका नाही, फोन अमळनेरात होते. आणि तो १९ वर्षांचा मुलगा आज मोकळा आहे. त्यानं तिला पुन्हा मेसेज केला असेल किंवा नसेल, तुम्हाला माहीत नाही.

पुतण्याची धास्ती दिरांना आहे हे उघड आहे. त्यांना एवढं समजावा. तो १८ खालचा आहे, त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, त्याचं नाव छापता येत नाही. एरवी अशा मुलावर एफआयआरसुद्धा सहसा होत नाही, नोंद आणि सामाजिक माहितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. सोबत मोठा माणूस आरोपी असल्यामुळे इथे एफआयआर होऊ शकतो, तेही वकिलाकडून समजून घ्या. मोठ्यांसारखा खटला फक्त १६ पूर्ण झालेल्यांवर आणि किमान ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत येऊ शकतो. पहिल्यांदा फोटो पुढे पाठवला, याची कलमं त्यात बसत नाहीत. मंडळानं दोषी ठरवलं तरी २०१५ च्या कायद्याप्रमाणे पुढे नोकरी-शिक्षणाला ते आडवं येऊ नये. आपण होऊन आलेलं घर आणि पकडून आणलेलं घर यांच्याकडे बघण्यातही फरक पडतो, हे जळगाव-धुळ्याच्या मंडळांसमोर इतकी वर्षं उभी राहून सांगते.

त्या खोलीत पिंजरा नसतो, चौथरा नसतो, नियमच तसा आहे. टेबलापलीकडे मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, अलीकडे मूल. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातला दहावीतला मुलगा माझ्याकडे होता, असंच प्रकरण. त्याची आई बाहेर बाकावर बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी दिसले की एकच विचारायची, “ताई, आते काय व्हई?” त्याचं ठीक झालं. समुपदेशन झालं, बापानं हमीपत्र दिलं, पोरगा नंतर आयटीआयला गेला, दिवाळीला अजून फोन करतो. त्या मुलीचाही दहावीचा फॉर्म भरलेला होता. शाळेनं घरच्यांना बोलावून ‘तुम्हीच काय ते बघा’ म्हटलं, घरच्यांनी तिला मामाकडे पाठवलं, परीक्षा राहिली. ती कुठल्याच मंडळासमोर आली नव्हती. मी मुलाची वकील होते, मुलीचं विचारायचं मला सुचलं तेव्हा उशीर झाला होता. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून तुमच्या वकिलाला तिसरा प्रश्न हा विचारा: त्या मुलीच्या घरी आम्ही काय, कधी आणि कुणामार्फत सांगावं? आजच फोन करून रडू नका, त्यानं मुलाची बाजू बिघडेल. पण महिनाभर गप्पही बसू नका. तिच्या आईवडिलांना एक गोष्ट लवकर कळायला हवी. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सोय आहे. मुलीनं तिच्याच फोनवर फोटो निवडायचा, फोटो बाहेर जात नाही, त्याचा आकड्यांचा ठसा तेवढा जातो, आणि त्यात सामील कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. नाव सांगावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपमध्ये ही सोय पोचत नाही, तिथे पोलीसच लागतील. भारतात सायबर तक्रारीला १९३० आणि मुलांसाठी १०९८.

मुलाशी काय बोलू, असंही विचारलंयत. त्याचा मोबाइल आपटून फोडलात म्हणे, झालं ते झालं, पण आता त्यातलं काय उरलंय ते वकिलाला सांगा. भाषण नको. त्याला एवढंच विचारा, की तिनं तुलाच का पाठवला असेल, बाकी कुणाला का नाही? आणि मग गप्प बसा. तो पुष्कळ वेळ बोलणार नाही. स्वयंपाक करत राहा, भरीत भाजत राहा, खोलीतून बाहेर जाऊ नका.

पुढच्या वर्षी रोटांना यावं की नाही हे पत्राच्या शेवटी विचारलंयत. श्रावणाला वेळ आहे. आधी अमळनेरचा कागद पुरा होऊ दे. दिरांनी या आठवड्यात वकील गाठला की नाही, ते मला कळवा.